पॅकार्डचा शेवटचा नमुना

शिकागोच्या परिसरात आता आपल्यापैकी अनेक घरांतील मुले-मुली स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे दोन-तीन महिने राहण्यास गेलेल्या आईवडिलांना नायगारा दाखविला जातो, वॉशिंग्टन दाखविले जाते, एखाद्या रविवारी मिशिगन सरोवराचा किनाराही दाखविला जातो. साउथ बेंड मात्र कोणी दाखवीत नाही. शिकागोच्या पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, इंडियाना राज्यात वसलेले हे मध्यम आकाराचे शहर आहे. शिकागोहून तेथे विजेवर चालणारी आगगाडी जाते. गॅरीचे पोलादाचे कारखाने मागे पडतात, शेते लागतात आणि वाटेत केव्हातरी घड्याळ एक तास पुढे करावे लागते, कारण साउथ बेंडची वेळ निराळी आहे. ज्याच्या घराण्यात दोन-तीन पिढ्यांची पेढी आहे, त्याने एक दिवस काढून हे शहर अवश्य पाहावे, असे माझे मत झाले आहे.

हे शहर मोठे झाले ते बैलगाड्या-घोडागाड्यांच्या धंद्यावर. १८५२ साली हेन्री आणि क्लेम स्टुडबेकर या दोघा भावांनी येथे ६८ डॉलर भांडवलावर लोहारकामाचे दुकान काढले. त्यांचा भाऊ जॉन कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधार्थ गेला होता. त्याने तेथे सोने खणले नाही, खणणाऱ्यांना एकचाकी हातगाड्या करून विकल्या आणि १८५८ साली आठ हजार डॉलर गाठीस बांधून तो घरी परतला. हे पैसे भावांच्या धंद्यात पडले आणि पुढे स्टुडबेकर हे नाव गाड्यांच्या व्यवसायात जगभर झाले. त्यांच्या नावाचे राष्ट्रीय संग्रहालय आज या शहरात आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकन ज्या रात्री नाटक पाहण्यास गेले आणि जेथे त्यांच्यावर गोळी झाडली गेली, त्या रात्री त्यांना नेणारी घोडागाडी येथे जपलेली आहे. बहुतेक प्रेक्षक तिच्यापाशी थांबतात. मीही थांबलो. परंतु मनात घर करून राहिली ती दुसरीच एक गाडी, आणि ती स्टुडबेकरांची नव्हेच.

मोत्यासारखी शुभ्र झाक असलेली, लांब आणि जमिनीलगत बसलेली ही मोटार १९५६ सालची आहे. तिचे नाव 'प्रेडिक्टर', म्हणजे भविष्य सांगणारी. समोरचे दिवे दिसत नाहीत, ते झाकणाआड दडलेले आहेत. पुढची काच नुसती बाजूंना वळत नाही, ती वर छतातही चढते. दारांच्या वरचे छताचे भाग मागे सरकतात. जुन्या पेढ्यांवर पट्ट्यापट्ट्यांच्या सरकत्या झाकणाची मेजे असत, त्या झाकणासारखी ही योजना आहे. उंच माणसालाही मान न वाकविता आत शिरता यावे, हा तिचा हेतू. पुढची बैठक दाराच्या दिशेने फिरते, म्हणजे वृद्धांना वा साडी नेसलेल्या स्त्रीला बसणे-उतरणे सोपे. (साडीचा विचार अर्थात त्या कारागिरांनी केलेला नव्हता.) मागची काच नेहमीच्या उलट, खाली आत झुकलेली आहे आणि ती विजेच्या साह्याने खाली सरकते. या सगळ्या नवलाईच्या मध्यभागी, गाडीच्या अगदी नाकावर, एक अरुंद उभी जाळी आहे. ती जाळी मात्र जुनीच. पॅकार्डच्या गाडीला चाळीस पावलांवरून ओळखावे, ते त्या उभ्या जाळीवरून.

आजच्या पिढीस पॅकार्ड हे नाव फारसे ठाऊक नाही, तेव्हा थोडे मागे जाणे भाग आहे. जेम्स वॉर्ड पॅकार्ड हा ओहायो राज्यातील वॉरेन गावचा विजेच्या दिव्यांचा कारखानदार. त्याने विंटन कंपनीची मोटार विकत घेतली आणि ती वारंवार बिघडू लागली. त्याने तक्रार केली तेव्हा विंटनसाहेब म्हणाले की, एवढे समजत असेल तर स्वतःच करून पाहा. ही आख्यायिका अमेरिकेत सर्वत्र सांगितली जाते. एवढे खरे की ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड मोटार वॉरेनच्या रस्त्यावर धावली. १९०३ साली कारखाना डेट्रॉइटला हलला. पुढील तीसेक वर्षे श्रीमंत अमेरिकनाच्या दाराशी जी गाडी उभी असे, ती बहुधा पॅकार्ड असे. कंपनीचे घोषवाक्यही व्यापाऱ्याला आवडावे असेच होते: 'ज्याच्याकडे आहे, त्यालाच विचारा.' कोणा गिऱ्हाइकाने माहितीपत्रक मागितले आणि छापलेले काही नव्हते, तेव्हा पॅकार्डसाहेबांनी असे उत्तर लिहावयास सांगितले, अशी त्याची जन्मकथा आहे. गिऱ्हाईक हीच जाहिरात, एवढा आत्मविश्वास बाळगणे सोपे नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत महागड्या गाड्यांचे बहुतेक कारखाने बुडाले. पॅकार्ड तगली, कारण १९३५ साली तिने 'वन-ट्वेंटी' नावाची, हजार डॉलरांच्या आतबाहेरची गाडी बाजारात आणली. विक्री झपाट्याने वाढली. येथे जाणकारांत आजही वाद होतो. कॅडिलॅकने आपली स्वस्त गाडी 'ला सॅल' या वेगळ्या नावाने विकली आणि मुख्य नाव अस्पर्श ठेवले. पॅकार्डने स्वस्त मालावरही तेच नाव घातले. काहींच्या मते तेथेच तिच्या प्रतिष्ठेस गळती लागली. मला हा निवाडा कठोर वाटतो. दुकान बंद पडण्याची वेळ आलेली असताना पाटीचा विचार किती करावा? चूक झाली असेल तर ती पुढची: मंदी सरली तरी स्वस्त माल हाच मुख्य धंदा होऊन बसला आणि वरच्या दर्जाचे गिऱ्हाईक हळूहळू कॅडिलॅककडे वळले.

दुसऱ्या महायुद्धात पॅकार्डने रोल्स-रॉइसचे मर्लिन विमान-इंजिन परवान्याने पन्नास हजारांहून अधिक संख्येने बांधून दिले. युद्ध संपले तेव्हा हाती पैसा होता, नाव होते, कुशल कारागीर होते. नव्हते ते नवे रूप. १९५२ च्या मे महिन्यात जेम्स नान्स हा गृहस्थ अध्यक्ष म्हणून आला. तो मोटारीच्या धंद्यातला नव्हे, हॉटपॉइंट या घरगुती विद्युत उपकरणांच्या कंपनीतला. त्याला माल विकण्याची कला अवगत होती आणि त्याने पहिल्या दिवसापासून ओळखले की, पॅकार्डची आठवण ही वडीलमंडळींची आठवण झाली आहे. तरुणांच्या डोळ्यांत भरेल असे काहीतरी दाखविले पाहिजे. दाखविण्यापुरत्या एक-दोन प्रती बांधावयाच्या आणि प्रदर्शनांत मांडावयाच्या, अशा नमुना-मोटारींचा अमेरिकेत तो सुगीचा काळ होता. जनरल मोटर्स तर अशा गाड्यांची जत्राच शहरोशहरी फिरवीत असे.

पॅकार्डची पहिली अशी गाडी 'पॅन अमेरिकन' नान्स येण्यापूर्वीच, १९५२ च्या वसंतात, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. रिचर्ड अर्बिब याने ती रेखाटली. उघड्या छताची, कापून बुटकी केलेली, मागच्या बाजूस सुटे चाक दिमाखात लावलेली ही गाडी त्या प्रदर्शनात पारितोषिकाची मानकरी ठरली. ती बांधली मात्र इलिनॉयमधील फ्रीपोर्टच्या हेनी कंपनीने, आणि हेनीचा नित्याचा व्यवसाय पॅकार्डच्या सांगाड्यावर रुग्णवाहिका व शववाहिका बांधण्याचा! कारागिराचा हात एकदा तयार असला की तो काय घडवील याचा नेम नाही, हेच खरे.

नमुन्याला मिळालेला प्रतिसाद पाहून १९५३ साली त्याच वळणाची 'कॅरिबियन' नावाची विक्रीची गाडी काढण्यात आली. किंमत ५,२१० डॉलर. त्या वर्षी ७५० कॅरिबियन बनल्या, तर कॅडिलॅकच्या तशाच, पण कितीतरी महाग असलेल्या एल्डोराडो ५३२. आकडे लहान आहेत, हे मान्य. पण नमुना पाहून मागणी आली, मागणीप्रमाणे माल दिला आणि तो प्रतिस्पर्ध्याहून अधिक खपला, असे पॅकार्डच्या या कथेत एकदाच घडलेले दिसते.

त्यानंतरचा नायक रिचर्ड टीग. लहानपणीच्या मोटार अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, असे म्हणतात, आणि मोटारीची आकृती घडविणे म्हणजे खोलीचाच खेळ! १९५३ च्या 'बाल्बोआ' या नमुन्यात त्याने मागची काच उलटी झुकविली, जेणेकरून तिच्यावर ऊन-पाऊस कमी यावा आणि ती खाली सरकवून वारा घेता यावा. पॅकार्डच्या विक्रीच्या गाडीत ती कधीच आली नाही. पुढे मर्क्युरीच्या १९५७ च्या एका गाडीत तशी काच दिसली आणि १९५९ मध्ये इंग्लंडच्या फोर्ड अँग्लियातही. हॅरी पॉटरच्या चित्रपटात उडणारी निळी मोटार आपल्या नातवंडांनी पाहिली असेल, ती ही अँग्लिया. १९५४ च्या 'पँथर' या काचतंतूंच्या देहाच्या गाड्या चारच बांधल्या गेल्या. डेटोनाच्या पुळणीवर त्यांतील एक ताशी सुमारे १३० मैल वेगाने धावली. बातम्या आल्या, छायाचित्रे आली. गिऱ्हाईक दुकानात आले तेव्हा त्याला दाखविण्यासाठी होती ती तीन-चार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावरची जुनीच पॅकार्ड.

१९५५ च्या शिकागो प्रदर्शनातील 'रिक्वेस्ट' या गाडीचे नाव मला सर्वांत हृद्य वाटते. रिक्वेस्ट म्हणजे विनंती. जुन्या गिऱ्हाइकांची पत्रे येत की, आमची ती पूर्वीची उभी जाळी परत आणा. टीगने नव्या गाडीच्या नाकावर ती बसविली आणि गाडीला पत्रलेखकांच्या मागणीचेच नाव दिले. ज्यांच्याकडे पॅकार्ड होती, त्यांनाच विचारले होते आणि त्यांनी उत्तर दिले होते. परंतु उत्तराप्रमाणे माल देण्याची शक्ती कंपनीत उरली नव्हती.

ती का उरली नव्हती, याचे कारण जाहिरातीत शोधून सापडत नाही. ते पुरवठ्याच्या साखळीत आहे. १९४० च्या सुमारास पॅकार्डने आपल्या गाड्यांचे धातूचे देह स्वतः बनविणे बंद करून ते काम ब्रिग्ज कंपनीकडे सोपविले होते. त्या वेळी त्यात बचत होती. १९५२ मध्ये वॉल्टर ब्रिग्ज वारले आणि १९५३ च्या अखेरीस त्यांच्या वारसांनी तो व्यवसाय विकला. घेणारी कंपनी क्रायस्लर, म्हणजे पॅकार्डची सरळ प्रतिस्पर्धी. क्रायस्लरने मुदत दिली, त्यापुढे देह मिळणार नाहीत हे स्पष्ट झाले. ज्या वस्तूवाचून आपला माल उभाच राहत नाही, ती एकाच दाराहून घ्यावी आणि त्या दाराचा मालक बदलावा, हा प्रसंग आपल्या वाचकांपैकी किती जणांनी अनुभवला असेल! घाईघाईने डेट्रॉइटच्या कॉनर अव्हेन्यूवरील एका अपुऱ्या जागेत १९५५ च्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्याच वर्षी नवे आठ सिलिंडरांचे इंजिन, त्याच वर्षी खाचखळगे गिळून टाकणारी अभिनव टॉर्शन-रचना, आणि तीही नव्या जागेत, नव्या हातांनी. गाडी उत्तम होती, पण हाती आलेली गाडी सदोष निघू लागली. पंचावन्न हजारांच्या आसपास गेलेला आकडा पुढील वर्षी जवळजवळ निम्म्यावर आला.

दुसरी गोष्ट भागीदारीची. १९५४ च्या ऑक्टोबरात पॅकार्डने स्टुडबेकर कंपनी ताब्यात घेतली. कागदावर दोन जुन्या घराण्यांचा सुयोग दिसत होता. प्रत्यक्षात वह्या पुरत्या तपासल्या गेल्या नव्हत्या. तोटा टाळण्यासाठी स्टुडबेकरला जितक्या गाड्या विकाव्या लागत, त्याच्या जवळपासही तिची विक्री पोहोचत नाही, हे मागाहून उमगले. तोवर पॅकार्डची गंगाजळी त्या खड्ड्यात वाहू लागली होती.

आता पुन्हा त्या शुभ्र गाडीकडे वळू. प्रेडिक्टरचा आराखडा टीगचा, सांगाडा डेट्रॉइटचा आणि देह इटलीतील तुरीन येथील घिया या कार्यशाळेने घडविलेला. १९५६ च्या जानेवारीत ती शिकागोच्या प्रदर्शनात उभी राहिली. तिच्याभोवती जमलेल्या लोकांना वाटत होते की आपण पुढील वर्षीचे पॅकार्ड पाहत आहोत, आणि ते चुकत नव्हते. १९५७ साठी पॅकार्ड, क्लिपर आणि स्टुडबेकर या तिन्ही नावांच्या सर्वस्वी नव्या गाड्यांचे आराखडे तयार होते, आणि त्यांतील पॅकार्डचे वळण प्रेडिक्टरवर दिसत होते. अडले होते ते साचे ओतण्याच्या पैशावर. नान्स विमा कंपन्यांकडे कर्ज मागत होता. प्रदर्शन होऊन फार महिने झाले नाहीत तोच त्यांनी नकार दिला.

पुष्कळ लेखक प्रेडिक्टरला बुडत्या घराची शेवटची फुशारकी म्हणतात. मला ते पटत नाही. जो व्यापारी देता येणार नाही हे ठाऊक असून नमुना दाखवितो, तो फसवितो. येथे तसे नव्हते. ज्या दिवशी ही गाडी दिव्यांच्या झोतात उभी केली, त्या दिवशी माल देण्याचा इरादा खरा होता, आराखडे खरे होते आणि कर्जाची आशाही जिवंत होती. नमुना सच्चा होता, पत आटली होती. मात्र एक प्रश्न उरतोच. पाच वर्षे प्रदर्शनांसाठी जी बुद्धी, जो पैसा आणि जी कारागिरी खर्ची पडली, ती कॉनर अव्हेन्यूच्या जुळणीवर, दाराची फट नीट बसविण्यावर लागली असती तर? जेवढा खर्च प्रदर्शनांवर झाला, त्याने साचे ओतून झाले नसते हे खरे. पण १९५५ साली ज्याने नवी पॅकार्ड घेतली आणि महिन्याभरात ती दुरुस्तीस नेली, त्याला शेजाऱ्याने विचारले असेल तेव्हा त्याने काय सांगितले असेल?

२५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधील पॅकार्डची जुळणी थांबली. नान्सने ऑगस्टमध्ये पद सोडले. पुढची दोन वर्षे पॅकार्ड हे नाव साउथ बेंडमध्ये स्टुडबेकरच्याच गाड्यांवर लावले गेले. लोक थट्टेने त्यांना 'पॅकार्डबेकर' म्हणत. १९५८ च्या वर्षात २,६२२ गाड्या बनल्या आणि त्या जुलैत ते नाव थांबले. १९६२ मध्ये कंपनीच्या नावातूनही पॅकार्ड हा शब्द वगळण्यात आला.

साउथ बेंडची पाळी त्यानंतर आली. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकरने येथील कारखाना बंद केला. संग्रहालयातील चकचकीत गाड्या पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये, कारण शहर ती विसरलेले नाही. चाळिशी ओलांडलेल्या, साठीला न पोहोचलेल्या सुमारे चार हजार कामगारांना त्यांच्या हक्काच्या निवृत्तिवेतनापैकी रुपयातले पंधरा पैसे म्हणावेत एवढेच हाती आले. निधीत पैसाच पुरेसा नव्हता. या प्रकरणाची चर्चा अमेरिकेत दहा वर्षे चालली आणि १९७४ साली कामगारांच्या निवृत्तिनिधीला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा झाला, त्यामागे साउथ बेंडचे हे उदाहरण सतत पुढे केले जात असे. प्रेडिक्टरच्या पुढे उभा असताना माझ्या मनात आले की, हिचा एकेक भाग अजून जागच्या जागी आहे, रंगही तसाच. जपणुकीला पैसा मिळाला तो गाडीला.

टीगचे पुढे चांगले झाले. अमेरिकन मोटर्स कंपनीत तो आकृतिविभागाचा प्रमुख झाला. विमानप्रवासात, ओकारी आल्यास वापरावयाच्या कागदी पिशवीवर त्याने एका छोट्या गाडीचे चित्र काढले आणि ती 'ग्रेमलिन' या नावाने १९७० मध्ये रस्त्यावर आली, ही कथा प्रसिद्ध आहे. १९८४ ची जीप चेरोकी त्याच्याच देखरेखीखालची. पॅकार्डमध्ये त्याला पैसा नव्हता म्हणून थोडक्यात पुष्कळ करावे लागे, ती सवय त्याला जन्मभर उपयोगी पडली असावी.

साउथ बेंडहून डेट्रॉइट मोटारीने साडेतीन तासांवर आहे. शाकाहारी मंडळींनी शिदोरी जवळ ठेवावी, महामार्गावर बटाट्याखेरीज फारसे काही मिळत नाही. ईस्ट ग्रँड बूलव्हार्ड या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पॅकार्डचा कारखाना पसरला होता, सुमारे पस्तीस लक्ष चौरस फूट. वास्तुकार अल्बर्ट कान यांनी १९०५ साली त्यातील दहाव्या क्रमांकाची इमारत सळई घातलेल्या काँक्रीटची बांधली. खांब दूरदूर, भिंतभर खिडक्या, आत भरपूर उजेड. पुढे जगभरच्या कारखान्यांनी ते वळण उचलले. गाड्या बनणे थांबल्यावर या इमारतींत लहानमोठे गाळे भाड्याने गेले, मग तेही रिकामे झाले आणि अनेक वर्षे तो जगातील एक मोठा ओसाड कारखाना म्हणून छायाचित्रकारांच्या आवडीचा विषय होऊन राहिला. रस्त्यावरून पलीकडे जाणारा, कंपनीचे नाव मिरविणारा पूल जानेवारी २०१९ मध्ये कोसळला. २०२२ पासून नगरपालिकेने पाडकाम हाती घेतले आणि २०२४ अखेर बहुतेक सारे पाडून झाले.

तेथे आता पाहण्यासारखे फार नाही. त्यापेक्षा उत्तरेकडे शेल्बी गावी जावे. पॅकार्डने १९२० च्या दशकात तेथे गाड्यांच्या चाचणीसाठी अडीच मैलांचा अंडाकृती मार्ग बांधला होता, आणि १९२८ मध्ये लिओन ड्यूरे या शर्यतवीराने त्यावर ताशी १४८ मैलांचा वेग गाठला होता. मार्गाचा अल्पसा तुकडाच उरला आहे. कान यांनीच बांधलेली, जाड छपराची प्रवेशगृहाची इमारत मात्र एका संस्थेने नीट राखली आहे. पॅकार्ड असणारे लोक उन्हाळ्यात तेथे आपल्या गाड्या घेऊन जमतात आणि विचारले तर आनंदाने दार उघडून आत बसवितात.